न ओळखलेली खिरापत

तुझं पत्र परवा मिळालं. दोन महिने खपून मैत्रिणीसाठी तू मफलर विणलास, तिनं तो "छान आहे" म्हणून पिशवीत टाकला आणि मग सगळी सुट्टी ती दुसऱ्याच मुलीनं दिलेल्या कागदी पंख्याचं कौतुक करत बसली. "आजी, अशा वेळी माणसानं काय करायचं?" असं तू विचारलं आहेस. त्या ओळीत अक्षर तिरकं झालं आहे. म्हणजे लिहिताना तू रडत तरी होतीस किंवा चिडलेली तरी होतीस. माझ्या मते चिडलेली होतीस.

काय करायचं ते मला सांगता येणार नाही. मी काय केलं होतं ते सांगते. हे तुझ्या भावालाही वाचून दाखव. त्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे, पण ऐकायचा नसावा.

तुमची आई तेव्हा सात वर्षांची होती आणि आम्ही कारंज्याला एकत्र राहत होतो. तुमचे आजोबा शाळा तपासायच्या नोकरीत होते. महिन्यातले पंधरा-वीस दिवस ते दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून मेडशी, केनवड अशा गावांना हिंडत असत. घरी माझे मोठे दीर आणि जाऊबाई. दिरांचा सगळा दिवस कापसाच्या बाजारात जाई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, तेव्हा घराच्या किल्ल्या जाऊबाईंच्या कमरेला होत्या. त्यांना दोन मुलगे होते, दोघेही मिसरूड फुटलेले, बापाबरोबर बाजारात जाणारे. मुलगी नव्हती.

मी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकून आले होते. सगळं जागच्या जागी असावं, असा माझा स्वभाव. तुम्ही त्याला हसता, पण तुमच्या आईची जन्मापासूनची सगळी कागदपत्रं आजही मला अंधारात हात घालून काढता येतात. लग्नानंतर महिन्याभरातच मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या: तूरडाळ, जवस, ओवा, जिरे. जाऊबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या डबा उचलत, कानाशी जरा हलवत आणि आत काय आहे ते सांगत. एकदा ओल्या हातांनी चिठ्ठ्या सुटल्या आणि कामवाल्या बाईनं त्या उलटसुलट चिकटवल्या. घाईच्या सकाळी मी चिठ्ठी वाचून आमटीला जिऱ्याऐवजी बडीशेपेची फोडणी दिली. जेवताना जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "कागद वाचला बाई तू. डबा नाई वाचला."

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवलं, इतकं की आज चाळीस वर्षांनीही शब्द न शब्द लिहिता येतं.

तुमची आई जन्मली आणि मला बाळंतरोगाचा ताप भरला. दीड महिना मी खाटेला खिळून होते. त्या दीड महिन्यात बाळाला न्हाऊ घालणं, शेक देणं, पायावर जोजवणं सगळं जाऊबाईंनी केलं. मी उठून बसले तेव्हा माझी मुलगी माझ्या कुशीत येऊन रडायची आणि त्यांच्या मांडीवर गेली की गप्प व्हायची. त्यांनी माझ्यासाठी केवढं केलं हे मला तेव्हाही कळत होतं. पण उपकार कळले म्हणजे मत्सर होत नाही, असं कुठे आहे? उलट ज्यानं आपल्यावर उपकार केले त्याचा मत्सर वाटला की तो कुणाला सांगताही येत नाही.

ती बोलायला लागली तेव्हा मी तिला "आई" म्हणायला शिकवलं. जाऊबाईंना मात्र ती आपणहून "मोठमाय" म्हणू लागली. आपल्याकडे आईला मायच म्हणतात. म्हणजे तो शब्द त्यांच्याकडे गेला आणि माझ्याकडे मी शिकवलेला राहिला. माझ्याशी ती शुद्ध बोले. "मला भूक लागली आहे," असं कविता म्हटल्यासारखं म्हणे. जाऊबाईंकडे धावत जाऊन मात्र "मोठमाय, मले भूक लागली वं!" मी दुपारी दोन ते तीन तिला इंग्रजी शिकवत असे. ती पाठ बिनचूक म्हणायची आणि एक डोळा घड्याळावर ठेवायची. तीनचा ठोका पडला की पाटी जागेवर ठेवून, हो, जागेवर ठेवूनच, ती परसात जाऊबाई शेंगा फोडत बसल्या असतील तिथे पळायची. तिथून मग तिच्या बडबडीचा आवाज यायचा. मी खिडकीशी उभी राहून ऐकायची, आणि शब्द कळले नाहीत की मला राग यायचा.

तुम्ही हसाल, पण एकदा मी आठवडाभर वहीत लिहून ठेवलं, की तिनं आपणहून मला किती गोष्टी सांगितल्या. दोन भरल्या. दोन्ही जाऊबाईंविषयी होत्या.

आता भुलाबाईचं सांगते, कारण तुम्ही ती पाहिलेली नाही. आपल्या वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघरी मुली भुलाबाई बसवतात. कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या रंगवलेल्या जोडमूर्ती, शंकर-पार्वतीच्या. संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या मुली मिळून घरोघर जातात, मूर्तीपुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. त्यात खिरापत असते, म्हणजे प्रसादाचा खाऊ. तो काय आहे ते ओळखल्याशिवाय मिळत नाही. मुली डबा हलवून पाहतात, कान लावतात, विचारतात, गोड का तिखट, आंबट का खारट, ओलं का कोरडं. शेवटी कुणीतरी ओळखतं आणि मग जो गलका होतो तो चार घरं पलीकडे ऐकू येतो.

त्या वर्षी गल्लीत सगळ्यात जास्त खिरापती तुमची आई ओळखत होती. बाकीच्या मुली डब्याला झोंबायच्या, ही मात्र डब्याला हातच लावायची नाही. डबा धरणाऱ्या काकूंच्या जवळ जाऊन उभी राहायची, जराशी वाकायची आणि म्हणायची, "तिळाची चिक्की." बरोबर निघायचं. मुली तिला जादूगारीण म्हणू लागल्या. मी तिला विचारलं, "तू कसं ओळखतेस?" ती नुसती हसली. मग परसातून मीच ऐकलं. जाऊबाई तिला सांगत होत्या, "डबा नको हुंगू. डबा झाकेल असते. हात हुंग. बाईच्या हातातून वास जात नाई."

म्हणजे हे गुपितही त्या दोघींचं होतं.

आमच्या घरची खिरापत रोज जाऊबाई करत. कधी भाजलेले शेंगदाणे, कधी खोबऱ्याचा कीस, कधी कुरमुरे. साध्याच गोष्टी. मुली जरा वेळ लटक्या चुकायच्या आणि मग ओळखायच्या. मी मनाशी ठरवलं की एक संध्याकाळ माझी. अशी खिरापत करायची, की जी गल्लीत कुणी पाहिली नाही, कुणी ओळखू शकणार नाही. मी वही काढली. महिन्याच्या सुरुवातीपासून कोणत्या घरी काय झालं, कुणी ओळखलं, ते सगळं मी आठवून आठवून दोन रकान्यांत लिहिलं. काहीही पुन्हा होता कामा नये. मग माझ्या शाळेतल्या बाईंनी लिहून दिलेला एक कागद काढला. केक. अंड्याशिवायचा. मैदा, तूप, साखर, दही आणि चिमूटभर खायचा सोडा. पातेल्यात वाळू घालून वर डबा ठेवायचा, झाकणावर निखारे.

जाऊबाई चुलीशी येऊन उभ्या राहिल्या. "काय करून राह्यली वं?"

"खिरापत. आजची मी करते."

"कर बाई." त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. "पण पोट्ट्याइले वळखू येईन असं कर काही."

मला वाटलं, जळतात माझ्यावर. स्वतः जळत असलेल्या माणसाला सगळीकडे धूर दिसतो. मी म्हटलं, "ओळखू आलं तर त्यात गंमत काय?"

केक चांगला झाला होता. हे मी आजही सांगेन. मी त्याचे सारखे चौकोन कापले. डब्यात मऊ फडकं घातलं, म्हणजे वाजणार नाही. वर रुमाल घट्ट बांधला. आणि मग हात बिनवासाच्या साबणानं कोपरापर्यंत धुतले. दोनदा. ते गुपित मला माहीत होतं ना.

संध्याकाळी मुली आल्या. गाणी झाली. मी डबा घेऊन बाहेर ओसरीवर आले. जाऊबाई दाराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या.

"वाजतच नाई वं हे!"

"गोड का तिखट?"

"गोड," मी म्हटलं.

"लाडू! पेढे! वड्या! शिरा!"

"नाही. नाही. नाही."

"शिरा डब्यात कोण घालते, येडे!"

"काकू, थोडं तरी वाजवा ना!"

मला फार आनंद होत होता. मग सगळ्या तुमच्या आईकडे वळल्या. "तू सांग वं. तुह्याच घरची हाये." ती माझ्याजवळ आली. डब्याकडे तिनं पाहिलंच नाही. वाकून तिनं माझ्या बोटांचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि बोलताना तिचं शुद्ध सुटलं.

"आई, तुह्या हाताले तं वासच नाई."

मुली हसल्या. मीही हसले, जिंकल्यासारखी. आणखी थोडा वेळ नावं घेतली गेली, मग उत्साह ओसरत गेला. एक मुलगी खांबाशी जाऊन टिपऱ्या मोजू लागली, दुसरीनं जांभई दिली. "हरलो बापा," कुणीतरी कंटाळून म्हणालं. "सांगून टाका काकू."

मी रुमाल सोडला. मला वाटलं होतं, आता गलका होईल.

"हे काय हाये?"

"ढोकळा हाये का?"

"भाकर हाये. गोड भाकर."

"केक," मी म्हटलं. "विलायतेत वाढदिवसाला करतात."

त्यावर गल्लीच्या टोकाच्या जैन घरातली मुलगी हात मागे घेऊन म्हणाली, "यात अंडं तं नाई ना काकू?" मी म्हटलं, मुळीच नाही. "तरी पण आईले इचारल्याबिगर नाई खात मी." तिचंही बरोबर होतं. पण तिनं हात मागे घेतला तसा दुसरीनं घेतला, मग तिसरीनं. ज्यांनी तुकडे घेतले होते त्यांनी ते परकराच्या ओच्यात ठेवले आणि खाली पाहत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात जाऊबाई उठून आत गेल्या आणि एक टोपली घेऊन आल्या. टोपलीवर फडकं होतं. त्यांनी ती एकदाच खुळखुळली.

"फुटाणे!" सगळ्या एका दमात ओरडल्या.

तो गलका. चार घरं पलीकडे गेलेला. मुली जाऊबाईंभोवती जमल्या, त्यांच्या हातावर गुळाचे खडे आणि फुटाणे पडू लागले, आणि मी डबा धरून खांबासारखी उभी. माझी नजर त्या टोपलीवर होती. दुसरीकडे कुठे मी पाहिलंच नाही. हे वाक्य लक्षात ठेव.

मुली गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊबाईंना गाठलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं टोपली आणायला?"

"पोरी उपाशी जात होत्या वं. भुलाबाईच्या दारून रिकाम्या हातानं—"

"माझी खिरापत होती ती. माझी मुलगी आहे. प्रत्येक गोष्टीत तुम्ही मध्ये येता." आणि मग मी ते बोलले. "मुलगी हवी होती तर देवाकडे मागायची होती. माझी काय म्हणून घेता?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे हात गुळानं चिकट झाले होते, ते त्यांनी लुगड्याला पुसले. मी वळले तेव्हा मागे तुमची आई उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखत होतं. मी वहीत लिहिलं: फुटाणे बाधले.

त्यानंतर जाऊबाईंनी माझं म्हणणं अगदी पुरं केलं. भांडल्या नाहीत, अबोला धरला नाही. मुलगी परसात गेली की शेंगा फोडता फोडता, मान वर न करता म्हणायच्या, "जाय. आईपाशी जाय." तीनदा-चारदा असं झाल्यावर ती जाईनाशी झाली. तीनचा ठोका पडला तरी पाटी घेऊन माझ्यासमोरच बसून राहायची. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायची. "हो आई. नाही आई." मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती दिवसभर माझ्या खोलीत होती, आणि खोलीत आवाज नव्हता.

खिरापतही आता माझ्याकडे आली. जाऊबाई म्हणाल्या, "तुमीच करत जा." तोपर्यंत त्या मला "तू" म्हणत. मी रोज डब्यात साखर घालू लागले. मुली डबा पाहूनच "साखर" म्हणत, चिमूटभर घेत आणि पुढच्या घरी जात. तुमच्या आईनं दुसऱ्यांकडेही ओळखायचं सोडून दिलं होतं. मागे उभी राहायची.

मग मी ठरवलं की तिला अमरावतीला माझ्या आईकडे ठेवायचं. तिथे इंग्रजी शाळा चांगली आहे, असं मी तुमच्या आजोबांना दौऱ्यावर पत्र लिहून कळवलं. शाळा चांगली होतीच, पण कारण ते नव्हतं. परतल्यावर त्यांनी फक्त एवढं विचारलं, "वहिनींना विचारलंस?" मी म्हटलं, "त्यांना कशाला?" ते म्हणाले, "बरं. कोजागिरीनंतर." मी ट्रंक काढली. कपड्यांची यादी केली. सहा परकर, सहा पोलकी, एक लोकरीचं. जाऊबाई ट्रंकेवरून दोनदा गेल्या, पण ट्रंक कुणाची असं त्यांनी विचारलं नाही. आणि विचारलं नाही म्हणूनच मला त्यांच्यावर आणखी राग आला. बघ, माणूस कसं असतं. विचारलं असतं तरी आला असता.

कोजागिरीच्या दिवशी भुलाबाईला निरोप असतो. ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे उंच खोडांचा, मखर करतात आणि त्या दिवशीची खिरापत सगळ्यात चांगली हवी. सकाळपासून मी स्वयंपाकघरात रिकामी उभी होते. साखर ठेवणं शक्य नव्हतं. मी वही उघडली. महिन्याभराच्या खिरापती दोन रकान्यांत मांडलेल्या होत्या. कुणाच्या घरी काय, कुणी ओळखलं. त्या वहीत माझ्या मुलीला काय आवडतं ते कुठेच नव्हतं. मला आठवेनाही.

मी परसात गेले. जाऊबाई पाटा धूत होत्या. मला त्यांच्याशी बोलायचं होतं आणि शब्द कुठून सुरू करावा हे मॅट्रिकला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तिला काय आवडतं?"

"कोणाले?"

त्यांना चांगलं ठाऊक होतं कोणाला. मला ते म्हणायला लावत होत्या, आणि तो त्यांचा हक्क होता. "माझ्या मुलीला," मी म्हटलं. मग म्हटलं, "आपल्या पोरीला."

त्यांनी पाटा उभा करून ठेवला. "ते तं समदंच खाते. तुमचा तो केक बी खाल्ला तिनं."

"एक तुकडा घेतला असेल."

"एक नाई, तीन. पोट्ट्या खाईनात म्हणून ते एकटी मधात उभी राहून खाऊन राह्यली होती. डोळ्यात पाणी, तोंडात केक. 'चांगला हाये, पाहा, चांगला हाये,' असं म्हणे. म्हणून तं म्या उठली टोपली आणाले. चौथा घेतला असता तिनं." त्यांनी मान वर केली. "तुमी नाई पाह्यलं?"

मी टोपलीकडे पाहत होते.

पोटदुखीचं कारण मी वहीत चुकीचं लिहिलं होतं, हे मला तिथे, त्या ओल्या पाट्यासमोर कळलं. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर, महिनाभर कशाला, सात वर्षं जळत होते, ती त्या संध्याकाळी ओसरीवर माझ्यापासून चार हातांवर घडत होती. घशाखाली उतरेना तरी ती गिळत होती, माझ्यासाठी. आणि मी दुसरीकडे पाहत होते. इतकंच नव्हे, नंतर दारात मी जे बोलले ते तिनं तोंडात शेवटचा घास असतानाच ऐकलं असणार.

मी जाऊबाईंची क्षमा मागितली का? नाही. आमच्या वेळी जावा-जावांत तसं बोलत नसत. निदान मला ते जमलं नाही. मी खाली बसले आणि विचारलं, "मग काय करू आज?"

"तिले जिंकाची हौस नाई. तिले वळखाची हौस हाये." त्यांनी कोपऱ्यातून मातीत पुरून ठेवलेलं आलं उकरून काढलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. "वड्या करा. किसून करा, हातानं. अन् कायचा तो साबण लावत जाऊ नका."

दुपारभर मी आलं किसलं. साखरेच्या पाकात घोटलं, ताटात थापलं. वड्या मी सारख्याच कापल्या, ते मला सोडता आलं नाही. हात नुसते पाण्याखाली धरले. बोटं चुरचुरत होती.

संध्याकाळी मुली आल्या, गाणी झाली. मी डबा घेऊन ओसरीवर आले. फडकं नाही, रुमाल नाही. मुली डब्याकडे पाहून "साखरच असंन" म्हणाल्या. मी डबा हलवला. वड्या खडखडल्या. त्या जरा जवळ आल्या. तुमची आई मागे खांबाशी होती. मी तिला बोलावलं नाही. बोलवावंसं फार वाटत होतं. मी नुसता एक हात डब्यावरून काढून खाली सोडला.

बराच वेळ गेला. पेढे झाले, चिक्की झाली, शेव झाली. मग माझ्या बोटांना गार नाक लागलं.

तिनं एकदाच हुंगलं. तिचा चेहरा मी पाहिला. ह्या वेळी मी तिच्याकडेच पाहत होते. ओळखल्यावर तिचं तोंड कसं उजळतं हे गल्लीतल्या सगळ्या काकूंना माहीत होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आल्याच्या वड्या!" ती ओरडली. आणि ओरडून तशीच पळाली, माझ्याकडे पाठ करून, आत. "मोठमाय! मोठमाय, म्या वळखलं! आईच्या हाताले आल्याचा वास येऊन राह्यला!"

मला लागलं ते. खोटं कशाला सांगू? डबा माझ्या हातात होता, वड्या मी केल्या होत्या आणि सांगायला ती त्यांच्याकडे पळाली. पण मी हाक मारली नाही. पोरींना वड्या वाटू लागले.

जाऊबाई तिच्या मागून बाहेर आल्या. एक वडी तोंडात टाकली, चघळली. "आलं जास्त झालं वं," म्हणाल्या. आणि दुसरी घेतली. "वं" म्हणाल्या, "तुमी" नाही, हे मी लगेच टिपलं.

तुमची आई वडी घ्यायला रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिनं आधी माझा हात धरून पुन्हा एकदा हुंगला. उत्तर तर सांगून झालं होतं. मग वडी घेतली.

ट्रंक मी दुसऱ्या दिवशी रिकामी केली. यादी फाडली नाही, ती अजून आहे. तीन वर्षांनी तुमची आई अमरावतीला गेलीच, पण खरोखरच शाळेसाठी, आणि तेव्हा ट्रंकेतल्या फराळाचे डबे जाऊबाईंनी भरले. चिठ्ठ्या मी लावल्या. आजही तिकडून ती पत्र लिहिते त्यात मोठमायच्या हातच्या कशाची तरी आठवण असतेच आणि ती ओळ मी दोनदा वाचते. एकदा आनंदानं आणि एकदा जराशी जळत. हे तिला सांगू नकोस. किंवा सांग, तिला ठाऊक असणार.

तर तुझ्या मफलरचं. ती पंखेवाली मुलगी विसर. तुझ्या मैत्रिणीकडे नीट पाहून ये आणि तिला लोकर टोचते का, एवढं साधं विचार. मफलर चांगला विणला आहेस यात मला शंका नाही; माझा केकही चांगला झाला होता. टोचते म्हणाली तर तो मला पाठवून दे. इथे थंडी चांगली पडते.